श्रद्धावंतांचं हसू : 'मॉम्स नाइट आउट' आणि त्याचे प्रेक्षक



गेल्या वेळी आपण शोकांतिकेविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, धर्म आणि विनोद यांचं जमतं का हो?" मी तेव्हा 'पुढच्या वेळी बोलू' असं म्हणून सुटका करून घेतली. आज ते देणं फेडायला उभा आहे. पण हवेत बोलण्यापेक्षा एक सिनेमा हाताशी घेतो. सिनेमा साधा आहे, थोर वगैरे अजिबात नाही. मात्र प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी त्याला जो प्रतिसाद दिला, त्यात विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. आणि त्यात माझीही एक चूक अडकलेली आहे, ती शेवटी सांगतो.

सिनेमाचं नाव 'मॉम्स नाइट आउट'. अँड्र्यू आणि जॉन अर्विन या भावांनी दिग्दर्शित केलेला. अमेरिकेत तो ९ मे २०१४ ला, म्हणजे तिकडच्या मातृदिनाच्या आधीच्या शुक्रवारी प्रदर्शित झाला. अमेरिकेत 'फेथ-बेस्ड' म्हणून सिनेमाचा एक वेगळा प्रकारच तयार झालाय. श्रद्धावान ख्रिस्ती लोकांनी, चर्चमध्ये जाणाऱ्या कुटुंबांसाठी काढलेले सिनेमे. त्यांची जाहिरात चर्चमधून होते, पाळकांना आधी खेळ दाखवतात, मंडळ्या एकगठ्ठा तिकिटं घेतात. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या एका बॅप्टिस्ट चर्चने स्वयंसेवकांच्या जोरावर २००८ साली 'फायरप्रूफ' काढला. खर्च सुमारे ५ लाख डॉलर आणि कमाई ३ कोटींच्या वर! मग मोठे स्टुडिओही जागे झाले. २०१४ या एका वर्षात 'सन ऑफ गॉड', 'गॉड्स नॉट डेड', 'हेवन इज फॉर रिअल' असे सिनेमे पाठोपाठ आले. बहुतेक सगळे गंभीर. कुणाला तरी मरण येतं, कुणाची तरी श्रद्धा डळमळते, मग सावरते. या रांगेत 'मॉम्स नाइट आउट' हा चक्क प्रहसनाच्या वळणाचा सिनेमा होता. म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अॅलिसन ही तीन लहान मुलांची आई. नोकरी करत नाही, घर सांभाळते. हे तिने स्वतः मागून घेतलेलं आयुष्य आहे: नवरा चांगला, मुलं गोड, देवावर विश्वास. आणि तरी ती रोज सकाळी थकलेली उठते. तिला कळत नाही की जे हवं होतं ते सगळं मिळालं असताना आपल्याला आनंद का होत नाही. कपाटात लपून चॉकलेट खात ती संगणकावर गरुडाच्या घरट्याचं थेट चित्रण बघत बसते. शेवटी ठरतं की एक संध्याकाळ मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं, मुलं बापांकडे सोपवायची. सोबत एक बालमैत्रीण आणि चर्चच्या पाळकांची पत्नी. मग जे व्हायचं तेच होतं. हॉटेलात यांचं टेबल राखलेलंच नसतं. नणंदेचं तान्हं बाळ हरवतं, ते शोधायला गोंदणाच्या दुकानापासून पोलीस चौकीपर्यंत वरात निघते, आणि तिकडे बापांची भंबेरी उडालेली असते. अॅलिसनचं काम सारा ड्रूने केलंय. पाळकांच्या पत्नीच्या भूमिकेत पॅट्रिशिया हीटन आहे, ती 'एव्हरीबडी लव्हज रेमंड' मालिकेमुळे तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. नवरा शॉन अॅस्टिन. आणि ट्रेस अॅडकिन्स हा धिप्पाड कंट्री गायक 'बोन्स' नावाच्या मोटरसायकलवाल्याच्या भूमिकेत.

आता प्रतिसाद बघा. सिनेमाला खर्च आला सुमारे ५० लाख डॉलर, आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत त्याने १ कोटीच्या थोडी वर कमाई केली. म्हणजे प्रेक्षक आले. समीक्षकांनी मात्र बहुसंख्येने झोडपला. तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. एक, गोंगाट फार आणि हसू कमी. दुसरी जास्त गंभीर: बायकांविषयीची या सिनेमाची समजूत जुनाट आहे. आईने घरीच असावं, एक संध्याकाळ बाहेर पडली तर जग कोसळतं, आणि शेवटी तिला 'तू आहेस तिथेच ठीक आहेस' असं सांगून परत पाठवायचं! यावर आवडणाऱ्यांचं उत्तर असं होतं की, घरी राहून मुलं वाढवणं हा आमचा स्वतःचा निर्णय आहे. पडद्यावर आमच्यासारखी बाई कधी नव्हे ते दिसली, तर तिलाही तुम्ही मागास म्हणता?

हे एकाच सिनेमापुरतं नाही. अमेरिकेत 'सिनेमास्कोअर' नावाची पद्धत आहे. पहिल्या दिवशी सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांच्या हाती कार्ड देतात आणि शाळेसारखी श्रेणी मागतात. २०१५ च्या 'वॉर रूम'ला समीक्षकांनी नाकारलं, पण दारात उभ्या प्रेक्षकांनी त्याला 'ए प्लस' दिली. याच अर्विन बंधूंच्या २०१८ च्या 'आय कॅन ओन्ली इमॅजिन'लाही 'ए प्लस' मिळाली, आणि त्याने अमेरिकेत ८ कोटी डॉलरच्या वर कमावले. आता कुणी म्हणेल, पहिल्या दिवशी जाणारे भक्तच असणार, ते चांगलंच म्हणणार. खरंय. पण तेवढ्यावर विषय मिटत नाही. एवढी माणसं मनापासून हसतात, रडतात, आणि त्याच सिनेमाने दुसऱ्या शहाण्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे होतं कसं?

इथे आपले जुने मित्र कांट मदतीला येतात. १७९० सालच्या ग्रंथात त्यांनी एक साधा भेद केलाय. कॅनरी बेटांची वाइन मला रुचते असं मी म्हणतो, तेव्हा मी फक्त माझ्यापुरतं बोलतो. तुम्हाला रुचली नाही तर भांडण नाही. पण 'हे सुंदर आहे' असं म्हटलं की मी तुमच्याकडूनही होकार मागत असतो, सर्वांच्या वतीने बोलू लागतो. आता बघा, प्रेक्षकाची 'ए प्लस' ही बहुधा पहिल्या प्रकारची असते. तो सांगत असतो की यात मी आहे, मला बरं वाटलं. समीक्षक दुसऱ्या प्रकारचं विधान करतो. म्हणजे दोघं एकमेकांना खोडत आहेत असं वाटतं, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

हा भेद पटण्यासारखा आहे. मलाही कित्येक वर्षं तो पुरेसा वाटायचा. पण या सिनेमापाशी तो अपुरा पडतो, कारण इथला तंटा नुसता आवडीनिवडीचा नाही. दोघं एकच वाक्य ऐकतात आणि दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात. माझ्या मते आजच्या विषयाची किल्ली तिथे आहे.

सिनेमाच्या शेवटाकडे पोलीस चौकीत अॅलिसन कोलमडते. आपण चांगली आई नाही, आपण कुणालाच पुरे पडत नाही, असं तिला वाटतं. आणि तिला धीर देतो कोण, तर गोंदवलेल्या हातांचा तो बोन्स. देवाने तुझ्या मुलांना तुला आई म्हणून देताना चूक केलेली नाही, तू तू राहा, बाकीचं तो बघेल, अशा आशयाचं तो बोलतो. बस्स, एवढंच. समीक्षकाला हे ऐकून वाटतं, हे काय उत्तर झालं? बाई दोन तास विचारतेय की मी दमलेय, मला नीट जगता येत नाही, आणि तुम्ही तिला एक सुविचार देता? यात कामाची वाटणी नाही, नवऱ्याने काय करावं ते नाही, पैसा नाही, एकटेपणा नाही. युक्तिवाद म्हणून बघितला तर तो टिकत नाही, हे मी तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून सांगतो.

पण श्रद्धावान बाईला तो युक्तिवाद म्हणून ऐकूच येत नाही. तिला ती आठवण म्हणून ऐकू येते. हे वाक्य तिने लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं असतं. ते नवीन नसतं, म्हणूनच उपयोगी पडतं. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या माणसाला गोष्टीचा शेवट ठाऊक नसतो का? देव धावून येणार हे त्याला माहीत असतं. तो माहितीसाठी बसलेलाच नसतो. जे माहीत आहे ते पुन्हा मनात जागं व्हावं म्हणून बसलेला असतो. बाहेरचा मनुष्य त्याच कीर्तनात बसून 'हे सिद्ध कुठे झालं?' असं विचारू लागला, तर तो चुकीचा नाही, पण त्याला दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकू येतंय हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. आतल्या माणसाला जी आठवण, तीच बाहेरच्याला युक्तिवाद वाटते. ज्या समीक्षकाने हे ओळखलं नाही, त्याची समीक्षा अर्धीच राहिली. प्रेक्षक भाबडे होते म्हणून हसले, असं म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. त्या बाया आपली दमणूक ओळखली गेली म्हणून हसल्या.

पण थांबा. इथे थांबलो तर मी सिनेमाला फार स्वस्तात सोडून दिलं असं होईल. माझं दुसरं म्हणणं सिनेमाच्या विरोधातलं आहे. आठवण करून देणं चांगलं, पण कुणाला? मातृदिनाचा इतिहास बघा. १९०८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये अॅना जार्व्हिस यांच्या खटपटीने पहिली मातृदिनाची उपासना झाली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्याला सरकारी मान्यता दिली. म्हणजे आपला सिनेमा आला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. या अॅना जार्व्हिस स्वतः अविवाहित, निपुत्रिक. आणि पुढे फुलांच्या, मिठाईच्या, शुभेच्छापत्रांच्या व्यापाराने त्या दिवसाचं जे काही केलं, त्याविरुद्ध त्या आयुष्यभर भांडल्या. आता मनात आणा: मातृदिनाच्या रविवारी चर्चच्या बाकावर एक बाई बसलीय, तिला मूल झालेलं नाही. दुसरीचं गेलंय. तिसरी दोन पाळ्यांत काम करते, तिला 'नाइट आउट' म्हणजे रात्रपाळी. या तिघी त्याच श्रद्धेच्या आहेत, बोन्सचं वाक्य त्यांच्याही ओळखीचं आहे. पण सिनेमा त्यांच्याकडे बघत नाही. त्याने जी दमणूक ओळखली ती एका विशिष्ट घरातली. नवऱ्याचा पगार पुरतोय अशा घरातली. हा दोष श्रद्धेचा नव्हे, नजरेचा. आणि 'ए प्लस' देणाऱ्या प्रेक्षकाने तो दोष झाकू नये. कृतज्ञता चांगली गोष्ट आहे, पण ती परीक्षण नव्हे. तुमच्या कृतज्ञतेच्या भरवशावर दिग्दर्शक आळशी होतात.

तिसरी गोष्ट विनोदाची. राइनहोल्ड नीबूर या अमेरिकन धर्मचिंतकांचा विनोद आणि श्रद्धा यांवर एक सुंदर निबंध आहे, १९४६ च्या संग्रहातला. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: हसणं देवळाच्या ओसरीवर खुशाल ऐकू यावं, सभामंडपात त्याचा प्रतिध्वनी यावा, पण गाभाऱ्यात हसण्याची प्रार्थना झालेली असते. रोजच्या विसंगतींवर आपण हसतो. जन्ममरणाच्या विसंगतीपुढे हसणं पुरत नाही, तिथे श्रद्धा लागते. आता हा सिनेमा या जिन्यावर तपासा. ओसरीवर तो बरा हसवतो: सांडलेलं स्वयंपाकघर, गांगरलेले बाप, हरवलेलं बाळ. आणि मग एकदम गाभाऱ्यात उडी! मधला सभामंडपच नाही. अॅलिसनचा जो खरा प्रश्न आहे, की मागितलेलं सगळं मिळूनही मी सुखी का नाही, तो प्रश्न विनोदाने कुरतडायला हवा होता. तिने स्वतःच्या श्रद्धेवर हसायला हवं होतं. देवाशी थोडं भांडायला हवं होतं. सिनेमा तिला ते करू देत नाही. स्वयंपाकघराची थट्टा चालते, बापांची चालते, पण प्रार्थनेपाशी आला की तो हातपाय धुऊन गंभीर होतो. मला वाटतं, बाहेरच्या प्रेक्षकाला तो परका वाटतो याचं खरं कारण हे आहे. येशूचं नाव आलं म्हणून तो बिचकत नाही. त्या नावापाशी हसू घाबरून थांबतं, हे त्याला खुपतं.

'मग श्रद्धा ठेवून असं हसता येतं का?' असं तुम्ही विचाराल. येतं. आणि त्याचा दाखला द्यायला मला परदेशी जावं लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढे त्या नवऱ्याकडे परत गेल्या, तिथे आपलं सोवळं वेगळं सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून हे सगळं पुस्तकातून मराठी वाचकांपुढे आलं. हीसुद्धा एका श्रद्धावान ख्रिस्ती आईच्या संसाराची हकिगतच की नाही? पण त्यात हसू कुठे थांबतं बघा. कुठेच थांबत नाही. टिळकांच्या विसरभोळेपणावर, हातात पैसा न टिकण्यावर, स्वतःच्या सोवळ्यावर, अज्ञानावर, भांडणांवर, सगळ्यांवर बाई हसतात. धर्म बदलण्यासारख्या जिवावरच्या प्रसंगातही त्यांची नजर तीच. आणि हसताहसता दुःख कमी करून दाखवत नाहीत. म्हणून गेली नव्वद वर्षं हिंदू घरांत, ख्रिस्ती घरांत, नास्तिकांच्या घरांतही ते पुस्तक वाचलं जातंय. वाचणाऱ्याने कुठल्या चर्चमध्ये जावं हे ते पुस्तक विचारत नाही. तिथे आतली माणसं आणि बाहेरची माणसं एकाच वाक्याला हसतात.

दोन्हींची तुलना अन्याय्य आहे, हे मला कळतं. एक अभिजात आत्मचरित्र, दुसरा उन्हाळ्याच्या तोंडावर आलेला करमणुकीचा सिनेमा. पण तुलना मोठेपणाची नाही, दिशेची आहे. लक्ष्मीबाईंना आपण बरोबर आहोत हे सिद्ध करायचं नाही, म्हणून त्या मोकळ्या आहेत. सिनेमाला आपल्या प्रेक्षकाला जपायचंय, म्हणून तो अवघडलेला आहे.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी लेकीकडे न्यू जर्सीला राहायला होतो. तिची मुलं तेव्हा लहान. शेजारी एक चर्चला जाणाऱ्या बाई होत्या. मुलांना सांभाळायला मदत करायच्या, अगदी मायेच्या. त्यांनीच हा सिनेमा आणला आणि एका रात्री मुलं झोपल्यावर आम्ही तिघांनी बघितला. त्या बाई पोट धरून हसत होत्या. माझी लेकही हसली. ती देवधर्म फारसा मानत नाही, पण पोलीस चौकीच्या प्रसंगात तिने डोळे पुसलेले मी पाहिले. सिनेमा संपल्यावर शेजारीणबाईंनी मला मोठ्या उत्साहाने विचारलं, कसा वाटला? आणि मी, एका निवृत्त प्राध्यापकाने, त्यांना दहा मिनिटं युक्तिवादातले दोष समजावून सांगितले. त्या हसून 'हो, हो' म्हणाल्या आणि घरी गेल्या.

भांडी आवरताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही परीक्षकासारखे बसला होतात." मी म्हटलं, "पण मी काही खोटं बोललो का?" ती म्हणाली, "नाही. पण आईला अशी एक तरी रात्र मिळाली होती का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. माझा प्रबंध आतल्या खोलीत, दार लावून लिहिला गेला. बाहेर दोन मुलांना 'बाबा अभ्यास करतायत' म्हणून गप्प बसवणारी बाई शाळेतली नोकरी सोडून घरी बसली होती. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिच्यासाठी एक ओळ आहे. शेवटची. ती आता नाही, त्यामुळे हिशोब तसाच राहिला.

म्हणून सांगतो. त्या सिनेमाविषयीचं माझं मत त्या रात्रीनंतरही बदललेलं नाही. तो अर्धवट सिनेमा आहे. बोन्सचं उत्तर मला आजही पुरत नाही. पण त्या उत्तराआधीचा जो प्रश्न होता, तो माझ्या घरातही होता आणि मला तो ऐकू आला नव्हता. त्या शेजारीणबाईंना तो ऐकू आला होता. मी उत्तराच्या चुका काढण्यात इतका गुंतलो, की प्रश्न खरा आहे हे कबूल करायचं राहून गेलं. समीक्षकाने आधी तेवढं कबूल करावं, मग खुशाल दोष काढावेत. आणि श्रद्धावान प्रेक्षकाने दोष काढणाऱ्याला शत्रू मानू नये, कारण त्याच्या बाकावर बसलेल्या ज्या बाया सिनेमाला दिसल्या नाहीत, त्यांची बाजू कदाचित तोच मांडत असतो.

धर्म आणि विनोद यांचं जमतं का, हा मूळ प्रश्न. जमतं. फक्त हसू गाभाऱ्याच्या दारापर्यंत जाऊ द्यायला हवं. ओसरीवर अडवू नये.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि या वेळी मी 'पुढच्या वेळी' म्हणणार नाही.